नल-तपासणी आणि संयुक्त अट : एक चिकित्सा

तर्कशास्त्रात 'अ आणि ब' व 'ब आणि अ' ही विधाने समतुल्य मानली जातात. संगणक-आज्ञावलीत ही समतुल्यता गृहीत धरता येत नाही. 'गुणनोंद नल नाही आणि तिच्यातील गुण किमान ४० आहेत' ही अट सी किंवा जावा भाषेत && या चिन्हाने लिहिल्यास, डावा भाग असत्य ठरताच उजवा तपासला जात नाही. क्रम उलटल्यास, अथवा जावामध्ये एकेरी & योजल्यास, नसलेल्या नोंदीचे गुण मागितले जातात आणि जावातील आज्ञावली त्रुटी दाखवते. प्रमाण पास्कलमध्ये अशा क्रमाची हमी नव्हती. व्हिज्युअल बेसिक ६ मधील 'अँड' दोन्ही भाग तपासत असे. २००२ साली आलेल्या डॉट नेट आवृत्तीत त्यासाठी 'अँडऑल्सो' हा स्वतंत्र शब्द द्यावा लागला.

क्रमाचे हे महत्त्व अध्यापनात सांगितले जाते. परंतु संयुक्त अटीच्या 'एल्स' शाखेचा विचार क्वचितच होतो. वरील अट असत्य ठरण्याची कारणे दोन आहेत : नोंदच नाही, किंवा गुण कमी आहेत. 'एल्स'मध्ये 'अनुत्तीर्ण' असे लिहिले की परीक्षेस अनुपस्थित असलेला किंवा निकाल राखून ठेवलेला विद्यार्थीही अनुत्तीर्ण ठरतो. आज्ञावली कोठेही अडखळत नसल्यामुळे हा दोष चाचणीत सहज निसटतो.

सी शार्पमध्ये २०१५ साली आलेल्या ?. या चिन्हामुळे लेखन आटोपशीर झाले, तथापि हा प्रश्न सुटला नाही. तेथे नल मूल्याची ४० शी केलेली 'पेक्षा कमी' आणि 'किमान' या दोन्ही प्रकारची तुलना असत्यच ठरते. परिणामी 'किमान ४०' अशी अट लिहिल्यास अनुपस्थित विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो, तर '४० पेक्षा कमी' असे लिहून शाखांची अदलाबदल केल्यास तोच उत्तीर्ण होतो. टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी योजलेल्या नल संदर्भाला २००९ साली स्वतःच अब्ज डॉलरची चूक म्हटले होते. त्या चुकीची ही मूक बाजू होय.

सारांश, अभाव आणि अपात्रता यांवर करावयाची कृती एकच असेल, तेव्हाच दोन्ही तपासण्या एका अटीत जोडणे योग्य ठरते. कृती भिन्न असल्यास नल-तपासणी स्वतंत्र 'इफ'मध्ये प्रथम करावी. प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करतानाही आज्ञावली चालली एवढ्यावर समाधान न मानता, 'एल्स' शाखेत कोण कोण येते, हा प्रश्न विद्यार्थ्यास अवश्य विचारावा.