सहाचे चार झाले, पण रुग्णाचं काय?

मंडळी, ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या नावातच पहिली अडचण आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टर नाही, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर नाही, हर-टू वाढलेलं नाही. म्हणजे स्तनाच्या या आक्रमक कर्करोगात काय नाही ते कळलं. काय आहे ते कळलंच नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात लेहमन, पीटनपोल आणि सहकाऱ्यांनी ५८७ रुग्णांच्या गाठींमधली जनुकांची अभिव्यक्ती तपासून सहा उपप्रकार मांडले. २०१६ मध्ये त्याच गटाने सहाचे चार केले. का? तर दोन उपप्रकारांची ओळख कर्करोगाच्या पेशींची नव्हतीच. गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट आणि आधार-ऊतीतल्या पेशींची होती. घरातली माणसं मोजताना पाहुणेही मोजले गेले म्हणा ना! ही दुरुस्ती त्यांनी स्वतः केली, याचं आम्हाला मोल वाटतं.

आमचा आक्षेप वेगळा आहे. गणिताने गट पडले म्हणून ते रुग्णाच्या उपयोगाचे ठरत नाहीत. कसोटी एकच: गट कळल्यावर उपचार बदलतो का? बीआरसीए जनुकात जन्मजात दोष सापडला तर ओलापॅरिब देता येतं; पसरलेल्या रोगात पीडी-एल-वन पाहून इम्युनोथेरपी ठरते. या चाचण्या त्या चार नावांतून आलेल्या नाहीत. अँड्रोजेन रिसेप्टरचा उपप्रकार ठसठशीत दिसतो, पण त्यावरचं औषध नेहमीच्या उपचारात आलेलं नाही.

आणि गंमत बघा, ‘पाहुणे’ म्हणून वगळलेल्या लिम्फोसाइटच रोगाचा पुढचा अंदाज बांधायला उपयोगी पडतात. तेव्हा काय वगळायचं, काय ठेवायचं, हे आपण रुग्णाच्या बाजूने ठरवू या.