पैलू पुन्हा पाडल्यावर हिरा जुना राहतो का? नाशिकच्या हिऱ्याची एक समीक्षा

१. प्रश्न

जुना दागिना हाती आला की आपण तीन गोष्टी विचारतो: वजन किती, खडा खरा आहे का आणि किंमत काय येईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने चौथा प्रश्न विचारायला हवा. ही वस्तू कोणत्या प्रक्रियेने घडली आणि त्या प्रक्रियेच्या खुणा आज तिच्यावर शिल्लक आहेत का? या टिपणात आपण हा प्रश्न नाशिकच्या हिऱ्याला लावून पाहू. माझे मत आधीच सांगतो: १९४० नंतर जे उरले ते उत्तम रत्न आहे, पण जुनी वस्तू म्हणून त्यात फार थोडे उरले आहे.

२. हिऱ्याचा प्रवास

हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात होता, असे परंपरा सांगते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या शेवटी, १८१८ मध्ये, तो दुसऱ्या बाजीरावांकडून इंग्रजांच्या हाती गेला. बाजीरावांची रवानगी बिठूरला झाली. मी हे लिहितो आहे त्या बख्शी का तालाबपासून बिठूर दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. हिरा मात्र लंडनला पोचला. तिथे रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याचे पैलू दुरुस्त करून घेतले. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने विकत घेतला आणि पुढे सुमारे नव्वद वर्षे त्या घराण्यात राहिला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापून चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांच्या ‘एमराल्ड’ घाटाचा केला.

आता वजने पाहा. मूळ वजन ८९.७५ जुने कॅरट. लंडनमधील दुरुस्तीनंतर सुमारे ७८.६ जुने कॅरट, म्हणजे आजच्या मेट्रिक मापात सुमारे ८०.६ कॅरट. विन्स्टन यांच्यानंतर ४३.३८ मेट्रिक कॅरट. मेट्रिक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, जुना कॅरट त्याहून किंचित जड होता. म्हणून तुलना करताना एकके मिसळू नका. पहिल्या कापणीत सुमारे १२ टक्के घट झाली. दुसऱ्या कापणीत सुमारे ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेसात ग्रॅम हिरा भुकटी आणि तुकड्यांत गेला.

३. कापणाऱ्याची बाजू

ही बाजू दुबळी नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे, म्हणून त्याचा क्रांतिक कोन जेमतेम २४.४ अंशांचा येतो. मागचे पैलू योग्य कोनात असतील तर आत शिरलेला प्रकाश पूर्ण परावर्तन होऊन डोळ्याकडे परत येतो. कोन चुकले तर तो मागून निसटतो आणि खडा निस्तेज दिसतो. भारतीय कारागिरांचा भर वजन राखण्यावर होता. दोष असलेल्या हिऱ्यावर ते बारीक बारीक पैलू पाडून दोष झाकत, असे सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने नोंदवले आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात कोहिनूर पाहून लोक नाराज झाले ते याच कारणाने, आणि १८५२ मध्ये तो कापला गेला.

पण येथे एक गोष्ट सुटते. आपल्याकडचे चपटे हिरे बंद कोंदणात बसवत आणि खड्याच्या मागे चकचकीत धातूचा पातळ पत्रा ठेवत. परावर्तनाचे काम तो पत्रा करी. भोवती शुद्ध सोन्याची पत्री दाबून बसवत; शुद्ध सोने मऊ आणि गंजरहित असल्याने तिचे थर उष्णतेशिवाय एकमेकांना जोडले जातात. म्हणजे खडा, पत्रा आणि सोने मिळून एक प्रकाशयंत्र होते. त्यातला खडा एकटा बाहेर काढायचा आणि मग तो चमकत नाही म्हणून दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

विन्स्टन यांच्या कापणीला प्रकाशशास्त्राचा आधारही अर्धाच मिळतो. एमराल्ड घाट लखलखाटासाठी नसतो. ब्रिलियंट घाटापेक्षा तो कमीच चमकतो. निर्दोष स्वच्छता आणि सरळ रेषा दाखवणे हे त्याचे काम. त्या काळची आवड तशी होती. तेव्हा साडेसात ग्रॅम गेले ते मुख्यतः अभिरुचीसाठी.

४. उलट उदाहरण

लाहोरच्या खजिन्यातून इंग्लंडला गेलेले ‘तैमूरचे माणिक’ पाहा. ते माणिकच नव्हे. ते स्पिनेल आहे, ज्याला मोगल ‘लाल’ म्हणत. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, तर स्पिनेलमध्ये मॅग्नेशियमही असते. दोन्हींना लाली देते ते क्रोमियम, म्हणून शतकानुशतके गल्लत झाली. या खड्याचे वजन सुमारे ३६१ कॅरट. त्याला नुसती झिलई आहे, आणि त्यावर जहांगीरपासून अहमदशाह दुर्राणीपर्यंतच्या मालकांची नावे कोरलेली आहेत. खनिजाचे नाव चुकले, पण वस्तूचा इतिहास वाचता येतो. नाशिकच्या हिऱ्याचे नेमके उलटे झाले: नाव शाबूत, पुरावा गेला.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस हा हिरा अमेरिकेत नेला तेव्हा सीमाशुल्काचा वाद न्यायालयात गेला: ही कलात्मक पुरावस्तू मानायची की केवळ पैलू पाडलेला हिरा? वकिलांसाठी तो कराचा प्रश्न होता. समीक्षकासाठी तो मूळ प्रश्न आहे.

५. घरातली नथ

हा वाद राजेरजवाड्यांपुरता नाही. आजीची नथ किंवा मोत्यांची कुडी सराफाकडे मोडीत घालतात तेव्हा घट कापली जाते, खडे-मोती वजनातून वजा होतात आणि घडणावळीची किंमत शून्य धरली जाते. त्या नथीतले मोती आखाती समुद्रातले नैसर्गिक बसरा मोती असू शकतात. मोती वजनावर विकला जाई, म्हणून त्याचे भोक शक्य तितके बारीक पाडत. मण्यावर वाढवलेला संवर्धित मोती आणि नैसर्गिक मोती यांतला फरक क्ष-किरणांनी कळतो: एकात मणी दिसतो, दुसऱ्यात आतपर्यंत थर. मोडीच्या तराजूवर यातले काहीच उमटत नाही.

कोणी म्हणेल, दागिना वापरण्यासाठी असतो, काळाप्रमाणे बदलला तर बिघडले काय? अडीनडीला सोने मोडावेच लागते, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मोडण्यापूर्वी न पाहण्याला. दागिन्याचा फोटो काढा, मागची बाजू पाहा, मोती वेगळे ठेवा, कोणाचा होता ते लिहून ठेवा. रंडेलच्या कारागिराने १२ टक्के गमावून मूळ घाट बराचसा राखला. म्हणजे दुरुस्ती आणि पुसून टाकणे यांत फरक करता येतो. तो फरक ओळखणे हेच समीक्षेचे काम.

विचारासाठी प्रश्न

१. स्पिनेलचा अपवर्तनांक सुमारे १.७२ आहे. त्याचा क्रांतिक कोन काढा आणि हिऱ्याशी तुलना करा.
२. कोहिनूर १८६ जुन्या कॅरटवरून १०५.६ मेट्रिक कॅरटवर आला. जुना कॅरट ०.२०५ ग्रॅम धरून खरी घट काढा. एकके मिसळल्यास उत्तर किती चुकते?
३. तुमच्या घरातील एका जुन्या दागिन्यावर प्रक्रियेच्या कोणत्या खुणा दिसतात? दहा ओळींत लिहा.