हात आपले, रेघ परकी

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत फायबरची टाकी बनताना मी कितीदा तरी पाहिली आहे. साच्यावर आधी जेलकोट, मग काचतंतूंची मॅट, त्यावर रेझिन. मग कारागीर दातेरी रोलर घेऊन उकिडवा बसतो. रोलरखाली हवेचा बुडबुडा दिसला की तो रेटत रेटत कडेला नेतो आणि बाहेर काढतो. बुडबुडा आत राहिला तर थर नेमका तिथेच सुटणार, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. रेझिनच्या उग्र वासात चालणारं हे काम आणि समुद्र कापत जाणाऱ्या शिडाच्या नौकेचा बांधा घडवण्याचं काम, दोन्हींचं कूळ एकच. त्याच आनंदनगरात, शीळ-बदलापूर रस्त्यावर, डीआरडीओची नेव्हल मटेरिअल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. खाऱ्या पाण्यात धातू, रंग आणि पॉलिमर टिकवायचे कसे, हा तिचा रोजचा विषय. पाणबुडीसाठीचा फ्युएल सेलही इथलाच. म्हणजे हातही आहेत आणि रसायनही आहे. मग आपल्याकडे बांधलेल्या नामांकित शिडाच्या नौकांचे आराखडे परदेशातून का येत राहिले?

आराखडा म्हणजे नुसतं चित्र नव्हे, ती वजनाशी केलेली झटापट असते. पाणी ढकलत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या पाण्यात टेकलेल्या लांबीने बांधलेला असतो. ही लांबी ५० फूट धरली तर साडेनऊ नॉटच्या आसपास नौका स्वतःच्याच लाटेत अडकते. त्यापुढे जायचं तर तिला हलकं करून पाण्यावर चढवावं लागतं. शीड मोठं केलं की वारा तिला आडवी करू पाहतो. तिला सावरायला खाली वजन हवं. आपले कोळी गलबताच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात आणि पोटात नीरम भरून तोल राखतात. आजच्या वेगवान नौकेत हे नीरम पात्यासारख्या कीलच्या टोकाला, खोल पाण्यात, शिशाच्या गोळ्यात कोंबलेलं असतं. आता त्यात ऐषाराम घाला: सागवानी डेक, एसी, जनरेटर, चार न्हाणीघरं. प्रत्येक सोय म्हणजे वजन, आणि प्रत्येक किलो वेगातून वजा.

या भांडणात मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो इटलीचा लुका बास्सानी. १९९१ च्या त्याच्या वॉलिगेटरपासून त्याने डेकवरचा दोरखंडांचा पसारा पोटात घेतला, पुढचं शीड आपोआप बाजू बदलेल असं केलं आणि कार्बनने वजन उतरवलं. मोठी नौका मोजक्या माणसांनी हाकता यावी, हा त्याचा ध्यास होता. तिथे सौंदर्य सोयीतूनच आलं. २००६ ची ८८ मीटरची माल्टीज फाल्कन ही दुसऱ्या टोकाची. तिच्या कार्बनच्या तीन डोलकाठ्या स्वतःभोवती फिरतात, शिडं बटणावर उलगडतात. अभियांत्रिकी म्हणून ती थक्क करते. पण या वाटेने पुढे गेलेल्या कित्येक नौकांत शीड ओढायलाही यंत्र घरघरत राहतं आणि दोराची ओढ कुणाच्याच तळहाताला कळत नाही. ही मला या कलेची खरी हानी वाटते. शर्यतीच्या नौका मात्र फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उचलल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये मलिझिया नावाच्या अशा नौकेने २४ तासांत ६४१ सागरी मैल कापले. असल्या नौकेत ऐषारामाला जागा नसते.

आपल्याकडची गोष्ट मुंबईच्या कुलाब्यापासून सुरू होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ३२ फुटी सुहेली तिथे सागवानात घडली. वासला चालवणारे सुतार आपले, आराखडा अमेरिकन विल्यम अ‍ॅटकिनचा. त्या सुतारकामाच्या जोरावर १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा झाली. आपण नाव घेतो ते नाविकाचं. जोड इतके घट्ट बसवणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, ही गोष्ट मला सलते.

पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला: भारतात बांधलेल्या नौकेतून भारतीयाने एकट्याने जगप्रदक्षिणा करावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी म्हादेई बांधली. लाकडाचा गाभा, वर फायबरग्लास, लांबी ५६ फूट, वजन २३ टन. आराखडा डच, व्हॅन डे स्टाट्टचा टोंगा ५६. तीच नौका घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार थांबे घेत जग फिरून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. तिच्या भावंडावर, तारिणीवर, २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी फेरी पुरी केली. तारिणीची २५ मीटरची डोलकाठी केपटाउनची.

नौका म्हणून म्हादेई कशी? आयमोका वर्गाची ६० फुटी शर्यतीची नौका दहा टनांच्या आत असते, त्यापुढे म्हादेई जड आहे, वेगाची नाही. पण एकट्या माणसाची चूक ती सोसते, दक्षिण महासागरात मार खाऊन सरळ होते. दांडेकरांनी पहिल्याच शिडाच्या नौकेत हे साधलं. तिचं मोल मी बास्सानीच्या वॉलिगेटरपेक्षा कमी मानत नाही. खंत इतकीच, की तिच्या यशानंतर कुणी आपल्या किनाऱ्यासाठी, आपल्या पावसाळी वाऱ्यासाठी, दुसरी रेघ ओढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तारिणी म्हणजे तोच आराखडा पुन्हा. २०१८ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी बांधलेली थुरिया म्हणजे सुहेलीचीच प्रतिकृती.

रेघ ओढायची वेळ आली ती वेगळ्याच नौकेसाठी. अजिंठ्याच्या भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून पाचव्या शतकातलं जहाज उभं करायचं ठरलं आणि त्याचा आराखडा जगात कुणाकडेच विकत मिळत नव्हता. तेव्हा नौदलाच्या नौकारचनाकारांनी चित्रावरून बांधा ठरवला, आयआयटी मद्रासने प्रतिकृती पाण्यात तपासली, आणि बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी गोव्यात दांडेकरांच्याच होडी इनोव्हेशन्समध्ये फळ्या काथ्याने शिवल्या. फळ्यांत खिळा नाही, चौकोनी शिडं. मे २०२५ मध्ये ती कौंडिण्य या नावाने नौदलात आली आणि त्याच वर्षअखेरीस पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. तिच्यावर ना कार्बन आहे, ना बटण. पण तिच्या नाळेपासून सुकाणूपर्यंतची प्रत्येक वळणरेषा इथल्या माणसांनी, इथल्या कागदावर, खोडून खोडून काढलेली आहे.