सामूहिक प्रकल्प आणि वैयक्तिक श्रेय

शालेय प्रकल्पाचे मूल्यमापन हा वरवर पाहता गुणपत्रकातील एका रकान्याचा विषय वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे. काम अनेकांचे आणि गुण मात्र एकेकाला, ही विसंगती कशी मिटवावयाची? विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीचा पुरस्कार केला, तेव्हापासून हा प्रश्न शिक्षणशास्त्रापुढे उभा आहे. आंतरजालावर चालणाऱ्या सामूहिक प्रकल्पांनी तो सोडविला, असा एक समज हल्ली दिसतो. तो कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रात २०१० पासून सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन मानले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मताबरोबर स्वयंमूल्यमापन व सहाध्यायांचे मूल्यमापन यांनाही स्थान दिले. दिशा योग्यच होय. तथापि साधनांची संख्या वाढल्याने निर्णयाची अचूकता वाढतेच, असे नाही.

एक उदाहरण घेऊ. त्र्यंबकेश्वर, पैठण आणि नांदेड येथील शाळांनी मिळून गोदावरीवर प्रकल्प हाती घेतला, आणि सर्वांची टिपणे आंतरजालावरील एका सामाईक वहीत जमू लागली, असे समजा. कोणी केव्हा किती लिहिले याची नोंद यंत्र आपोआप ठेवते. शिक्षकाला हा निःपक्षपाती साक्षीदार वाटतो. परंतु ब्रह्मगिरीच्या उतारावरील एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या ज्या मुलीने भर पावसात रोज पर्जन्यमापक वाचला, तिच्या घरी भ्रमणध्वनी नाही. तिचे आकडे गावातील सहाध्यायाने वहीत उतरविले. यंत्राच्या लेखी कर्ता तोच ठरतो. येथे मोजला गेला तो विद्यार्थी नव्हे, त्याच्या घरची साधनसंपत्ती. नोंद म्हणजे सहभाग नव्हे, एवढे भान सुटले की अन्यायालाही आकडेवारीचा आधार मिळतो.

उलट टोकाचा उपाय ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१५ मध्ये योजला. सहकार्याने प्रश्न सोडविण्याची क्षमता पाहताना प्रत्येक विद्यार्थ्याला सोबती म्हणून संगणकातील पूर्वनियोजित पात्रे दिली गेली. सर्वांना सारखेच सोबती मिळाल्याने तुलना न्याय्य झाली. परंतु रुसणारा, आळस करणारा, अकस्मात नवी कल्पना सुचविणारा जिवंत सोबती त्यातून वगळला गेला. समतेसाठी येथे सहकार्याचाच बळी पडला, असे म्हणावे लागते.

या दोहोंमधील एक वाट त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रातील वेदपाठशाळांच्या परंपरेत सापडते. संथा समूहात चालते, एकाच्या स्वराने दुसऱ्याचा स्वर सावरला जातो. परीक्षा मात्र एकेकाची असते. परीक्षक मध्येच एखादे पद उच्चारतो आणि विद्यार्थ्याने तेथून पुढे म्हणावयाचे असते. ही परंपरा निश्चित संहितेच्या जतनासाठी आहे, आणि तिची दारे दीर्घकाळ सर्वांना खुली नव्हती. म्हणून तिचे अनुकरण करावे, असे नाही. घेण्याजोगे तत्त्व एवढेच की, शिकणे सामुदायिक आणि उत्तरदायित्व वैयक्तिक, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

प्रकल्पाला ते लागू करावयाचे तर संपूर्ण कृतीला गटाचे समान गुण द्यावेत, आणि नंतर प्रत्येकाला त्या कृतीच्या कोणत्याही भागावर, विशेषतः दुसऱ्याने केलेल्या भागावर, तोंडी प्रश्न विचारावेत. वरील मुलीला आलेखाविषयी व तिच्या सहाध्यायाला पर्जन्यमापकाविषयी विचारले, म्हणजे त्यांनी परस्परांना किती शिकविले हेही कळते. सहाध्यायांची मते शिक्षकाच्या मार्गदर्शनासाठी असावीत, गुणांसाठी नसावीत. नाही तर मैत्री आणि वैर यांचाच हिशेब मांडला जाईल. यंत्राच्या नोंदीने प्रश्न सुचवावेत, उत्तरे ठरवू नयेत.

या पद्धतीला शिक्षकाचा वेळ अधिक लागतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु जो वेळ विद्यार्थ्याला ऐकण्यात जातो, तो मूल्यमापनाचा खर्च नसून मूल्यमापनच होय.