पठारावरचा मुक्काम

तुमच्याही बेसमेंटमध्ये एक असेल. कानाला हेडफोन, तोंडावर स्क्रीनचा निळा उजेड, आणि "जेवायला चल" म्हटलं की "बाबा, ही गेम पॉज होत नाही" हे ठरलेलं उत्तर. आमच्याकडचा नमुना पंधरा वर्षांचा आहे आणि 'रॉकेट लीग' खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा मोटारींनी खेळायचा फुटबॉल. मोटारी उडतात, हवेत गिरक्या घेतात आणि चेंडूला धडका देतात. या खेळात ब्राँझपासून वरपर्यंत श्रेणी असतात. चिरंजीव वर्षभर 'डायमंड'मध्ये अडकून बसले होते. दोन सामने जिंकायचे, दोन हरायचे, परत तिथेच.

मी त्याला काय सांगत असेन हे तुम्ही ओळखलंच असेल. "रोज दोन-दोन तास खेळतोस आणि तरी तिथल्या तिथेच? लक्ष देऊन खेळ की जरा." आपल्याकडच्या बापांना हे वाक्य वारशातच मिळतं. पाढे असोत, पेटी असो, नाहीतर स्पेलिंग बी, औषध एकच. मात्र हे सांगणारा बाप रात्री सगळे झोपले की वरच्या खोलीत ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो आणि तीन वर्षं त्याचं रेटिंग १४०० ते १४६० यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतं आहे, हे घरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

या हिवाळ्यात बर्फामुळे घरात अडकलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक जुना माहितीपट पाहिला. अ‍ॅडम कॉर्नेलियस यांचा 'एक्स्टसी ऑफ ऑर्डर: द टेट्रिस मास्टर्स', २०११ सालचा. तो तुम्हीही बघा असं मी आग्रहाने सांगेन. मात्र ज्या कारणासाठी तो काढला गेला त्या कारणासाठी नव्हे.

टेट्रिस तुम्हाला माहीत आहेच. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून, सरकवून ओळी भरायच्या. आपल्यापैकी अनेकांनी पहिल्या नोकरीतल्या संगणकावर साहेबांची नजर चुकवून तो खेळला असेल. सिनेमा १९८९ च्या निन्टेंडो आवृत्तीबद्दल आहे. त्यात २९ व्या लेव्हलला ठोकळा पडायचा वेग इतका वाढतो की वरून तळापर्यंत यायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. बटण दाबून धरलं तर ठोकळा सेकंदाला दहा घरं या वेगाने बाजूला सरकतो. म्हणजे तेवढ्या वेळात तीन-चार घरं, तीही खाली मैदान रिकामं असेल तर. कडेपर्यंत पोचणं जवळपास अशक्य. म्हणून २९ वी लेव्हल म्हणजे खेळाचा शेवट असं जगभर धरलं जात होतं. तिला नावच पडलं होतं 'किल स्क्रीन'.

सिनेमा या भिंतीच्या अलीकडच्या माणसांची गोष्ट सांगतो आणि मोठ्या मायेने सांगतो. स्कोअरचे सहाही आकडे नवावर नेणारा हॅरी हाँग, २०१० साली लॉस एंजेलिसला पहिली जागतिक स्पर्धा जिंकणारा जोनास न्यूबाउर, आणि या सगळ्यांना शोधून एकत्र आणणारा रॉबिन मिहारा. ही साधी, थोडी विक्षिप्त, लोभस माणसं आहेत. त्यांच्यातलं गूढ म्हणजे थॉर आकरलुंड. हा १९९० सालच्या निन्टेंडोच्या स्पर्धेतला विजेता मुलगा. पुढे तो दिसेनासा झाला आणि वीस वर्षांनी, आपण ३० व्या लेव्हलपर्यंत गेलो आहोत असा दावा घेऊन परत आला. खरं की खोटं?

इथे माझी तक्रार सुरू होते. सिनेमा थॉरच्या चेहऱ्यावर, त्याच्या मौनावर, त्याच्या बालपणावर रेंगाळतो. हुशारी म्हणजे स्वभावातलं काहीतरी रहस्य असतं अशी त्याची समजूत दिसते. उत्तर मात्र थॉरच्या अंगठ्यात होतं. तो बटण दाबून धरतच नव्हता. अंगठा थरथरवून तो ते सेकंदात दहा-बारा वेळा वेगवेगळं दाबत होता. याला पुढे 'हायपरटॅपिंग' म्हणायला लागले. भिंतीची किल्ली पडद्यावर दिसते आहे आणि सिनेमा तिच्याकडे एका अवलियाची लकब म्हणून बघतो आहे. २०११ मधल्या दिग्दर्शकाला आज दोष देणं सोपं आहे, मान्य. पण ज्यांचं आयुष्य या खेळात गेलं होतं, त्यांनीही तो अंगठा पाहिला आणि बहुतेकांनी आपली जुनीच रीत चालू ठेवली. त्यांच्या दृष्टीने पठार हेच शिखर होतं.

याच सिनेमात डेना विल्कॉक्स नावाची एक खेळाडू आहे. जगातल्या वरच्या स्कोअरवाल्यांपैकी एक. ठोकळा दोन्ही दिशांना फिरवता येतो हे तिला वीस वर्षं माहीतच नव्हतं. स्पर्धेला आल्यावर कळलं! माझ्या मते सगळ्या सिनेमातला हा सर्वांत मोलाचा क्षण. वीस वर्षांच्या रियाजाने तिला एका दिशेने फिरवण्यात अद्वितीय करून सोडलं. दुसऱ्या दिशेचं बटण शेजारीच होतं आणि त्याबद्दल रियाज तिला काही सांगू शकला नाही.

सिनेमानंतरची गोष्ट आता जगजाहीर आहे. सात वेळा जगज्जेता झालेला न्यूबाउर २०१८ साली पोर्टलंडला अंतिम फेरीत जोसेफ सेली या सोळा वर्षांच्या हायपरटॅपिंग करणाऱ्या मुलाकडून सरळ हरला. २०२० ची स्पर्धा साथीमुळे ऑनलाइन झाली. तिच्या अंतिम सामन्यात टेक्सासचे दोन सख्खे भाऊ समोरासमोर होते आणि तेरा वर्षांचा धाकटा जिंकला. त्याच सुमारास आणखी एक रीत निघाली, 'रोलिंग'. यात अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक मारायची. ज्यांनी तबल्यावर 'तिरकिट' ऐकलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सेकंदाला वीसहून जास्त वेळा बटण दाबलं जातं. २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमामधला, 'ब्लू स्कूटी' या नावाने खेळणारा तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या लेव्हलला पोचला आणि खेळच गोठला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माणसाने यंत्राला हात टेकायला लावले. बातमी देताना एका ब्रिटिश निवेदिकेने आईच्या भूमिकेतून त्याला, जरा बाहेर मोकळ्या हवेत जा, असा सल्ला दिला. ती मूळची सदाशिव पेठेतली असावी असा आमच्या घरात संशय आहे.

पठारावर अडकण्याबद्दल अमेरिकेत पुस्तकं भरपूर. जोशुआ फोअर यांचं 'मूनवॉकिंग विथ आइनस्टाइन' (२०११) तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. पत्ते लक्षात ठेवण्याचा त्यांचा वेग एका जागी थांबला, तेव्हा अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांना सांगितलं की मेट्रोनोम आत्ताच्या वेगापेक्षा दहा-वीस टक्के जलद लाव, चुका होऊ देत, आणि चुका कुठे होतात ते बघ. उत्तम सल्ला, पण रीत बरोबर असेल तर. दाबून धरणाऱ्या टेट्रिसपटूला कितीही जलद मेट्रोनोम लावा, बटण सेकंदाला दहा घरंच सरकवणार. एरिक्सन यांच्या स्वतःच्या 'पीक' (२०१६) या पुस्तकात, अडकलात तर नुसता जोर लावू नका, रीत बदला, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. दोन्ही पुस्तकं वाचनीय आहेत. फक्त रीत बदलायची किंमत काय पडते, यावर ती माझ्या मते पुरेसं बोलत नाहीत.

ती किंमत मला सापडली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या, रेन्सेलर इन्स्टिट्यूटच्या वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेड यांच्या २०१७ च्या एका निबंधात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रगती थांबली म्हणजे माणसाची ताकद संपली असं नव्हे, बहुतेक वेळा त्या रीतीची ताकद संपलेली असते. आणि नवी रीत घेतली की झेप यायच्या आधी आलेख खाली जातो. घसरण, मग झेप. आपल्याला हे समजायला निबंध कशाला हवा? राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे निघालात की तोरणा समोर दिसत असतो, पण पाय आधी खालीच उतरतात. किंवा गावाकडची टायपिंग इन्स्टिट्यूट आठवा. दोन बोटांनी टकटक करत बऱ्यापैकी वेग गाठलेल्या मुलाला सर पहिल्या दिवशी दहा बोटं ठेवायला लावायचे. पुढचे काही आठवडे तो पूर्वीपेक्षा हळू आणि जास्त चुका करत टाइप करायचा. तेवढ्यात ज्यांनी क्लास सोडला ते आजही दोन बोटांनीच ईमेल लिहितात. (आमच्या ऑफिसात असा एक डायरेक्टर आहे.)

मग ऑनलाइन खेळणारे आपण सगळे पठारावर मुक्काम ठोकून का बसतो? माझा संशय रेटिंगवर आहे. रेटिंगची मूळ पद्धत काढणारे आर्पाड एलो आपल्यासारखेच बाहेरून आलेले. हंगेरीत जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले, मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये स्वीकारली. स्पर्धेत कोण किती पाण्यात आहे ते मोजायचं, एवढाच हेतू. तेव्हा रेटिंग अधूनमधून छापून यायचं. आता प्रत्येक डाव संपल्यावर क्षणात तो आकडा तुमच्यासमोर येतो, वर गेला तर हिरवा, खाली गेला तर लाल. शिवाय जोड्या बरोबरीच्याच लावल्या जातात, त्यामुळे तुम्ही १००० वर असा की २००० वर, साधारण अर्धे डाव हरणारच. सुधारणा जाणवत नाही, घसरण मात्र लगेच दिसते. अशा ठिकाणी दहा बोटं ठेवायला कोण धजेल?

टेट्रिसच्या त्या पोरांना ही भीती नव्हती. एकट्याने खेळायचं, फसलं की रीसेट, नोंद फक्त सर्वोत्तम खेळाची. शंभर फसलेले डाव कोणी मोजत नाही. शिवाय प्रत्येक जण व्हिडिओतून आपले हात दाखवत होता, त्यामुळे नवी रीत घराघरात पोचली. न्यूबाउरसारख्या जुन्या खेळाडूकडे गमावण्यासारखं होतं, तेरा वर्षांच्या मुलाकडे काहीच नव्हतं. न्यूबाउर शेवटपर्यंत जुन्याच रीतीने खेळला आणि त्या रीतीत तो फार देखणा खेळत असे. २०२१ च्या जानेवारीत तो गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी. त्याच्या हरण्याची चित्रफीत तुम्ही जरूर पाहा, हरल्यावर तो त्या मुलाकडे कसा बघतो तेवढ्यासाठी तरी.

सिनेमा संपल्यावर आमचे चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, तू नोव्हेंबरमध्ये ओरडला होतास ना, तेव्हा मी हेच करत होतो."

नोव्हेंबरमध्ये झालं होतं असं. त्याने कंट्रोलरवरची बटणं बदलून घेतली होती. हवेत मोटार गिरकी घेत असतानाच वळवता यावी म्हणून वेगळी बोटं वेगळ्या बटणांवर. आठवडाभर त्याला साधा चेंडूही लागेना. 'डायमंड'वरून तो खाली 'प्लॅटिनम'मध्ये आला. मी ते पडद्यावर पाहिलं, अभ्यासाच्या गुणांशी त्याचा संबंध जोडला (आपण जोडतोच) आणि एक भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने बटणं होती तशी करून टाकली. दोन आठवड्यांत तो परत 'डायमंड'मध्ये आला आणि मी मनात म्हटलं, बघा, ओरडल्याचा उपयोग झाला.

मी त्याला सॉरी म्हणालो. त्याने "इट्स फाइन" म्हटलं, म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. मग त्याने विचारलं, "तुझं रेटिंग किती रे?"

मी खरं सांगितलं. त्याने माझे जुने डाव उघडले आणि पाच मिनिटांत निदान केलं: पांढरी मोहरी असली की दरवेळी तीच एक मांडणी, काळी असली की तीच दुसरी, आणि सगळे डाव तीन मिनिटांचे. "तू विचारच करत नाहीस, बाबा. तू फक्त हलवतोस."

गेले सात आठवडे मी राजापुढचं प्यादं सरकवून डाव उघडतो आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे डाव खेळतो. या मांडण्या मला येत नाहीत. पूर्वी ज्यांना डोळे मिटून हरवत होतो ते आता मला हरवतात. काल रात्री रेटिंग १३०७ होतं. खाली बेसमेंटमध्ये बटणं पुन्हा बदललेली आहेत आणि तिथूनही अधूनमधून वैतागल्याचा आवाज येतो. जेवायला हाक मारायला मी जिन्याच्या तोंडाशी गेलो होतो, पण त्याचा सामना चालू होता, म्हणून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.