शनिपारावरचा क्रोनॉस

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, ग्रीक देव मेले ना हो?" मी म्हटलं, याचं उत्तर जिन्यात देता येणार नाही. तेव्हा आज तेच.

अथेन्समध्ये गेल्या काही दशकांत काही मंडळी झ्यूस, अथीना, हर्मिस यांची पूजा पुन्हा करू लागली आहेत. १९९७ साली त्यांची संघटना झाली, आणि २०१७ साली ग्रीक सरकारनं त्यांच्या धर्माला 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसनं जुनी पूजा बंद केली होती, हे लक्षात घेतलं तर मधला खंड सोळाशे वर्षांचा आहे. ही माणसं प्रामाणिक असतील, पण त्यांचा विधी पुस्तकांतून जुळवलेला आहे. आजीनं शिकवलेला नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आता शनिवारी संध्याकाळी शनिपारावर या. तुळशीबागेतली गर्दी, रुईची माळ, तेलाची वाटी, पिशवी सांभाळत ओळीत उभ्या असलेल्या बायका. यातल्या कुणाला तुम्ही विचारलंत की तुम्ही ग्रीक देवाला आलात का, तर काय ऐकून घ्यावं लागेल ते सांगायला नको. पण एक साधा प्रश्न विचारू. शनिवारीच का?

वेदांग ज्योतिषात तिथी आहे, नक्षत्र आहे. वार नाही, राशीही नाहीत. वारांचा क्रम बघा. रविनंतर सोम, सोमनंतर मंगळ, असं का? ग्रहांच्या अंतराचा जुना क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे करायचे आणि एकेका होऱ्यावर क्रमानं एकेक ग्रह बसवायचा. पहिला होरा शनीचा, तर पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा येतो. त्यानंतरचा चंद्राचा. घरी जाऊन बोटांवर मोजा, जमतं. तिसऱ्या शतकातला रोमन इतिहासकार डिओ कॅसियस हेच गणित सांगतो. त्याच्याही आधी, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत, कुणीतरी भिंतीवर सात देवांचे दिवस ओळीनं खरडून ठेवले आहेत. आपल्याकडे वारासकट तारीख असलेला प्रसिद्ध जुना लेख म्हणजे एरणचा, इसवी सन ४८४ चा. वार गुरुवार. आणि 'होरा' हा शब्दच मुळी ग्रीक आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली, इथूनच, पुण्यातून, आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात हा सगळा प्रश्न न लाजता मांडला. तेही मराठीत. आपण तो ग्रंथ कपाटात ठेवला.

सहाव्या शतकातला वराहमिहिर तर ग्रहांना सरळ ग्रीक नावं देतो. मंगळाला आर, म्हणजे अ‍ॅरिस. शुक्राला आस्फुजित्, म्हणजे अ‍ॅफ्रोडाइटी. सूर्याला हेलि. आणि शनीला कोण, म्हणजे क्रोनॉस. शनीच्या दहा नावांचं स्तोत्र म्हणणाऱ्यांना ठाऊक आहे की त्यातलं पहिलं नाव 'कोणस्थ' आहे. तिथला कोण हाच का, याचा मी आग्रह धरणार नाही. कोपरा असा अर्थही निघतो. पण मला तिथं थोडं थबकायला होतं. बरं, 'केंद्र' हा शब्दही ग्रीकच. म्हणजे केंद्र सरकारवर टीका करतानाही आपण यवनांचे ऋणी!

इथं दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं आमचंच होतं, ग्रीकांनी इथून नेलं. दुसरा म्हणतो, सगळं उसनं आहे, म्हणून खोटं आहे. पहिल्याला मी वराहमिहिर वाचायला सांगेन. यवन म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असं तो म्हणतो. त्याला लाज वाटली नाही, आपल्यालाच वाटते. दुसऱ्या तटाशी माझं भांडण जास्त आहे, कारण तो माझा तट होता. उगम दाखवला म्हणजे खंडन झालं, असं मी वर्षानुवर्षं वर्गात बोललो असेन. तर्कदृष्ट्या ते चूक आहे. शून्य कुठून आलं यावर बेरीज खरी की खोटी हे ठरत नाही. शिवाय ग्रीकांनी तरी ग्रहांना देवांची नावं देण्याची पद्धत बाबिलोनकडूनच घेतली. उसनं घेणाऱ्याकडून उसनं घेतलेलं. विद्वानांनाही इथं घाई नडते. डेव्हिड पिंग्रींनी १९७८ साली 'यवनजातक' संपादित केलं आणि त्याचा काळ इसवी सन २६९-७० असा ठरवला. पस्तीस वर्षं सगळे तोच आकडा सांगत राहिलो. २०१३ मध्ये बिल माक यांनी हस्तलिखितं पुन्हा तपासून दाखवलं की तो आकडा त्या श्लोकांतून निघतच नाही.

आता घरचं सांगतो. १९६५ च्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीला, माईला, एक स्थळ आलं होतं. कांदेपोहे झाले, पसंती झाली, आणि आठ दिवसांनी निरोप आला की मुलीच्या सातव्या घरात मंगळ आहे. वडील पुढे महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. माईचं लग्न पुढं झालं, चांगलं झालं, पण तो निरोप घरात राहिला. पुष्कळ वर्षांनी मला वाचनात कळलं की सातव्या घराला 'जामित्र' म्हणतात आणि तो शब्द ग्रीक 'डायामेट्रॉस' आहे. लग्नाच्या समोरचं, व्यासाच्या दुसऱ्या टोकाचं घर. मी उत्साहानं माईकडे गेलो. म्हटलं, माई, घर ग्रीक, मंगळही ग्रीक. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "असेल रे. नकार मराठीतच आला होता."

त्या दिवशी मला माझी चूक दिसली. शनिपारावर क्रोनॉस नाही. क्रोनॉस आपली पोरं गिळणारा, झ्यूसचा बाप. शनी हा सूर्य आणि छायेचा मुलगा, यमाचा भाऊ, साडेसातीचा हिशेब ठेवणारा. साडेसातीचं गणित मात्र ग्रहाच्या गतीचं आहे: साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीला सुमारे अडीच वर्षं, तीन राशींना साडेसात. गणित परदेशातून आलं असेल, भीती इथली आहे आणि तेलही इथलं आहे. देवाची ओळख त्याच्या नावावरून ठरत नाही. त्याच्यापुढं कोण काय मागतं, आणि कुणाला त्याच्यापुढं उभं राहू दिलं जातं, यावरून ठरते.

म्हणूनच शिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद मला महत्त्वाचा वाटला. २०१६ च्या एप्रिलमध्ये बायकांना चौथऱ्यावर जाता येऊ लागलं. त्याआधी टीव्हीवर 'अनादि परंपरा' हा शब्द किती वेळा ऐकला! अहो, ज्या वारी तिथं गर्दी होते तो वारच अनादि नाही. पण हा मुद्दा मी त्या वादात वापरणार नाही. परंपरा दीड हजार वर्षांची असो की पाच हजार, तिथं उभ्या असलेल्या बाईला खाली का थांबवलं याचं कारण वेगळं द्यावंच लागतं. ते कुणी दिलं नाही.

त्या तरुण श्रोत्याला माझं उत्तर असं: अथेन्समध्ये देवांची नावं उरली आणि पूजा तुटली, म्हणून ती आता नव्यानं करावी लागते. इथं त्यांचा दिवस उरला, घर उरलं, गणित उरलं. देव मात्र आपण आपलेच बसवले. आता तुमचे प्रश्न घेतो. तिसऱ्या रांगेतल्या बाई केव्हाच्या हात वर करून आहेत.