आठपट मोबाईल! पण तुलना कोणाशी?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात मी मोठ्या ऐटीत एक स्लाईड दाखवली होती : अमेरिकेतल्या खासगी तुरुंगांत सरकारी तुरुंगांच्या आठपट मोबाईल जप्त झाले. गाईडनी एवढंच विचारलं, "दोन्हीकडचे कैदी सारखे होते का?" मी गप्प. घरी येऊन अहवाल मुळातून वाचला.

अहवाल अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा, ऑगस्ट २०१६ चा. त्यात १४ खासगी आणि त्यातल्या त्यात सारखे १४ सरकारी तुरुंग घेतले आणि सुरक्षेचे आठ निकष तपासले. दर कैद्यामागे सहा निकषांत खासगी तुरुंगांचे आकडे वाईट निघाले. अमली पदार्थांच्या चाचण्या आणि लैंगिक गैरवर्तन या दोन निकषांत मात्र कमी.

मेख अशी, की खासगी तुरुंगांत बहुतेक कैदी परदेशी नागरिक होते. मग फरक व्यवस्थापनामुळे पडला की कैद्यांमुळे? या घटकाचा परिणाम तपासता आला नाही, हे अहवाल स्वतःच सांगतो. माझ्या स्लाईडवर ते वाक्य नव्हतं! शिवाय जप्तीचा आकडा म्हणजे सापडलेले मोबाईल, आत असलेले नव्हेत. झडत्या वाढल्या तरी तो वाढतो.

मग अहवाल टाकाऊ का? अजिबात नाही. पाहणी केलेल्या तीनपैकी दोन खासगी तुरुंगांत नव्या कैद्यांना, साध्या बराकीत जागा नाही म्हणून, शिक्षेसाठीच्या वेगळ्या कोठड्यांत ठेवलं होतं. गुन्हा काही नाही, फक्त खाट रिकामी नाही. हे चूक आहे हे ठरवायला कंट्रोल ग्रुप लागत नाही. माझ्या मते अहवालातला सगळ्यात भक्कम निष्कर्ष हाच, आणि मी तो वगळून आठपटीच्या मागे लागले होते.

त्याच महिन्यात खासगी तुरुंगांचे करार हळूहळू बंद करण्याचा आदेश निघाला. २०१७ मध्ये तो मागे घेतला, २०२१ मध्ये तसाच आदेश पुन्हा आला, २०२५ मध्ये तोही रद्द झाला. प्रत्येक वेळी हजारो माणसांचं राहणं-खाणं-औषधपाणी पणाला लागलेलं.

खासगी तुरुंग मला आजही पटत नाहीत. म्हणूनच सांगते, "खासगी तुरुंग स्वस्त पडतात" असं कुणी म्हटलं, की आपण लगेच विचारतो : आजारी कैदी कुणाकडे ठेवलेत? तोच प्रश्न आपल्याला आवडलेल्या आकड्यालाही विचारा. आधी त्यालाच विचारा.